केळशीला नेलेला आरसा

काळजी करणं हा माझा मूळचा छंद. आकाश नंतर आलं, आणि आल्यावर त्यानं या पहिल्या छंदाला भरपूर खुराक दिला. मी पुण्यात वीज खात्यात नोकरी करते. सकाळी चहा झाला की गॅलरीत छोटी दुर्बीण लावून सूर्याचं बिंब पांढऱ्या कागदावर पाडते आणि त्यावरचे डाग पेन्सिलीनं गिरवते. शेजारचं पोर मधेच येऊन नळीला डोळा लावेल या धास्तीनं एक हात सतत आडवा धरलेला असतो. कुठे अग्निबाण उडायचा असला की ऑफिसात जेवणाच्या डब्याशेजारी फोन उभा असतो, आणि उलटी मोजणी थांबली की माझा घास थांबतो. संध्याकाळी अवकाश स्थानक डोक्यावरून जाणार असेल तर मी गच्चीवर धावते. सोसायटीतले लोक समजतात, ही टाकीतलं पाणी बघायला जाते. समजू देत.

अशा माणसानं वीतभर रुंदीचा नाजूक आरसा मांडीवर घेऊन एसटीनं कोकणात जाणं हे काही शहाणपणाचं नव्हे. पण गेले. आरसा माझा नव्हता, दत्ताकाकांचा होता, आणि त्यांच्याकडे वेळ थोडा होता.

दत्ताकाका केळशीचे. दुर्बिणी घरी बनवणाऱ्यांचा आमचा फोनवरचा एक गट आहे, तिथे ओळख झाली. त्यांचा सगळा जन्म मालवाहू बोटींवर गेला, पण खाली, इंजिनात. "लोक म्हणतात, बोटीवरून तारे काय दिसत असतील! माझ्या डोक्यावर लोखंड होतं गो, बाय," असं पहिल्याच फोनला म्हणाले होते. निवृत्त होऊन घरी आले, आता आभाळ बघायचं म्हणाले, आणि काचबिंदूनं उजवा डोळा नेला. डावाही कडेकडेनं बुजत चाललाय. मधला तुकडा शाबूत आहे, तेवढ्यावर त्यांनी हट्टानं आरसा घासायला घेतला.

दुर्बिणीचा आरसा म्हणजे जाड काचेची चकती. पिंपावर ठेवून, दुसऱ्या काचेनं, मधे कुरुंदाची खरखरीत पूड आणि पाणी घालून घासायची. पिंपाभोवती फेऱ्या मारत महिनोन्‌महिने घासली की तिला बशीसारखा उथळ खोलगटपणा येतो. काकांनी जन्मभर इंजिनाचे व्हॉल्व्ह घासून बसवलेले, त्यामुळे हाताला ते काम नवीन नव्हतं. मी व्हिडिओ कॉलवर मधे मधे नाक खुपसत असे. घासून, गुळगुळीत करून झाल्यावर काच त्यांच्या भाच्याबरोबर पुण्याला आली. तिच्यावर अॅल्युमिनियमचा मुलामा चढवून आणायचं काम माझ्याकडे होतं. तो चढला आणि त्याच आठवड्यात त्यांच्या पत्नीचा, शालनकाकूंचा, फोन आला. डाव्या डोळ्याचा दाब औषधांना जुमानत नाही, सोमवारी मुंबईला ऑपरेशन. उरलेलं वाचेल अशी आशा आहे, पण इतक्या पुढे गेलेल्या डोळ्यात आहे तेही जाऊ शकतं, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. काकांचं म्हणणं एवढंच, की त्याआधी एकदा स्वतः घासलेल्या आरशातून चंद्र बघायचा. रविवारी शुद्ध अष्टमी होती, अर्धा चंद्र संध्याकाळीच डोक्यावर. मी शुक्रवारची रजा टाकली.

शुक्रवार

ताम्हिणी घाटात मी आरशाच्या पेटीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. पेटी पांढऱ्या पंच्यात गुंडाळलेली. कंडक्टरनं ती वरच्या फळीवर टाकायला हात पुढे केला तेव्हा मी जवळजवळ ओरडलेच. शेजारच्या बाईंनी पंच्याकडे बघितलं, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि कंडक्टरला दरडावलं, "देव आहे रे तिचा, कळत नाही?" मग त्या सरकून बसल्या, पुढच्या माणसाला पाय आखडून घ्यायला लावले, आणि उतरताना पेटीला नमस्कार करून गेल्या. आरशाला जागा मिळाली होती, आणि खरं सांगून ती घालवण्याइतकी मी सत्यवादी नाही.

मंडणगडला गाडी बदलली आणि केळशीला उतरेपर्यंत दुपार कलली. केळशीत शिरलं की उन्हातून एकदम सावलीत येतो आपण. तांबड्या चिऱ्याच्या बुटक्या भिंती, म्हणजे गडगे, त्यांच्यामधून जाणारी अरुंद पाखाडी, आणि दोन्ही बाजूंना नारळी-पोफळींची आगरं. सगळ्यांना ते बघून हायसं वाटतं. मी वर बघितलं. आभाळ कुठे होतं? पोफळींचे शेंडे एकमेकांत असे गुंतलेले, की दुर्बीण नेम तरी कशावर धरणार!

काकांच्या घरापुढचं सारवलेलं खळं, म्हणजे अंगण, तेवढं उघडं होतं. त्याच्या वर आभाळाचा एक तुकडा, चारी बाजूंनी झाडांनी कुरतडलेला. काका पडवीतून भिंतीला बोटं लावत आले. अंगानं बारीक, मान किंचित वाकडी, कारण समोरचं माणूस त्यांना त्या उरलेल्या फटीत पकडावं लागतं.

"आलीस काय गो, बाय? आणलास?"

"आणला, काका. फुटला नाही."

"फुटतोय कशाला! बस. पाणी पी आधी." आणि पाणी येण्याआधीच ते पेटीच्या गाठी सोडायला लागले.

आरसा त्यांनी दोन्ही हातांत कडेनं धरला, मी शिकवलं होतं तसा. स्वतःचा चेहरा त्यात शोधला. शालनकाकू मागून डोकावल्या आणि म्हणाल्या, "अगोबाई, ताटासारखा लखलखतोय!" त्यांनी तो पहिल्यांदाच चकाकताना बघितला होता. त्यांच्या घरातून गेला तेव्हा ती नुसती काच होती.

जेवायला ओल्या काजूंची उसळ, तांदळाची भाकरी आणि सोलकढी होती. पुण्यात आम्ही मोजून चार काजू घालतो आणि त्याला काजूकरी म्हणतो, इथे काकू डावाडावानं वाढत होत्या आणि वर "घे गो, कुठे विकत आणलेत!" म्हणत होत्या. संध्याकाळी समुद्राकडून धुरकट आलं, चंद्र नुसता पांढरा डाग होऊन राहिला. काकांनी फणसाच्या लाकडाची बैठक, म्हणजे ज्यावर नळी फिरते ती पेटी, मला हात फिरवून दाखवली. सांधा कुठे आहे ते बोटाला कळत नव्हतं. "उद्या बघू," म्हणाले. मी मनात शनिवार आणि रविवार एवढेच उरलेत हे मोजत झोपले.

शनिवार

सकाळी खळ्यात ऊन आल्यावर मी सवयीप्रमाणे, बरोबर आणलेल्या छोट्या दुर्बिणीनं, सूर्य पाटावरच्या कागदावर पाडला. काकांना त्याचं फार अप्रूप वाटलं. नळीला डोळा न लावता सूर्य पाटावर येऊन बसतो, तो त्यांच्या मधल्या नजरेत मावत होता. एक मोठा डाग होता, त्याला चिकटून दोन लहान. त्यांनी पेन्सिल मागून घेतली आणि स्वतः गिरवला. मला इतकं बरं वाटत होतं, की त्या अर्ध्या तासात मी कसलीच काळजी केली नाही. हीच चूक झाली असं माझा स्वभाव मला अजून सांगतो.

मागील दारी काकू आरसा धूत होत्या.

हे समजायला मागचं थोडं सांगायला हवं. आरसा घासताना पूड हळूहळू बारीक करत न्यायची असते. जाड पुडीचा एक कण जरी काचेवर राहिला तरी पुढची सगळी मेहनत ओरखड्यात जाते. म्हणून दर दिवशी काम संपलं की काच धुवायची, आणि काकांना कण दिसणार नाही म्हणून ते काम काकूंकडे होतं. मीच व्हिडिओवर बजावत असे, "काकू, धुतल्याशिवाय पुढे नाही हं." शेवटी काच गुळगुळीत करायच्या पुडीचे लालसर डाग निघेनात, तेव्हा त्यांनी स्वतःची युक्ती काढली. चुलीची राख पाण्यात कालवून रात्रभर ठेवायची आणि वरची निवळ घ्यायची. तिनं डाग साफ निघत. मी तेव्हा वाहवा केली होती. आता शुक्रवारी आरशावर कोणाचं तरी बोट उमटलं होतं, बहुधा माझंच. संध्याकाळी त्यातून बघायचं म्हणून काकूंनी पहाटे निवळ काढली आणि नेहमीसारखा आरसा तिच्यात बुडवला.

घरातल्या आरशाचा मुलामा काचेमागे लपलेला असतो. दुर्बिणीच्या आरशाचा वरच, उघडा असतो. राखेच्या निवळीपुढे अॅल्युमिनियम टिकत नाही. हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, कारण मुलामा चढलेला आरसा त्या घरात कधी नव्हताच.

"मृणाल," काकूंनी दारातून हाक मारली. आवाज अगदी हलका होता. "हा निघतोय गो."

मी धावले. आरसा अर्धा गेला होता. मधोमध नितळ काच, कडेला चांदीची ठिगळं. मी तो पाण्यातून काढला, साध्या पाण्याखाली धरला, आणि तरीही एक ठिगळ माझ्या डोळ्यांदेखत विरळ होत गेलं. काका मागे येऊन उभे राहिले.

"काय झाला?"

काकूच म्हणाल्या, "मी धुतला आणि वाट लावली त्याची."

काकांनी हात पुढे केला, काचेवरून अंगठा फिरवला. एरवी मी किंचाळले असते. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते "बरं" म्हणाले आणि पडवीत जाऊन बसले.

पुण्याला जाऊन मुलामा चढवून परत यायला वेळ नव्हता. मी फोनवर फोन केले. काकू दुपारी जेवल्या नाहीत. चुलीपाशी बसून राहिल्या. मला त्यांना सांगायचं होतं की चूक तुमची नाही, आणि सांगितलंही, पण माझा चेहरा काहीतरी वेगळंच सांगत असावा. शेवटी आमच्या गटातल्या एका जुन्या आरसेवाल्यानं फोन उचलला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मुलामा गेला, काचेचा वाक थोडाच गेला? आम्ही मुलाम्याला पाठवण्याआधी कोरी काच चंद्रावर लावून बघतो. शंभरातले चार भाग उजेड येतो, चंद्राला तेवढा होतो. पण ठिगळं ठेवू नकोस, त्यांनी चित्र बिघडतं. सगळा उतरव."

"माणसाला काचबिंदू आहे," मी म्हटलं. "चार भागांत त्याला दिसेल?"

तो म्हणाला, "ते मी कसं सांगू?"

संध्याकाळी अवकाश स्थानक जाणार होतं. घरातली शांतता सहन होईना, म्हणून मी दोघांना समुद्रावर घेऊन गेले. वाट सुरूच्या बनातून जाते, काका माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होते. किनाऱ्यावर होड्या ओढून ठेवलेल्या, आभाळ एकदाचं मोकळं. वेळेवर नैर्ऋत्येकडून तो ठिपका उगवला, पिवळा, न लुकलुकणारा, आणि वर चढायला लागला.

"ते बघा! काकू, तिथे! आत माणसं आहेत त्यात."

काकू पाहत राहिल्या. "माणसं? आणि एवढ्या घाईनं कुठं गो चाललीत?"

काका मान फिरवत होते. मी त्यांचा हात धरून बोट दाखवलं, पण ते तिथे पोचेपर्यंत ठिपका पुढे सरकलेला असे. परत बोट, परत तेच. नजरेच्या त्या लहानशा खिडकीत तो एकदाही आला नाही. ईशान्येला सावलीत शिरून विझला तेव्हा काका अजून डोक्यावर शोधत होते.

"गेला काय?"

"गेला."

"बरं," ते म्हणाले. सकाळचाच तो शब्द. मला रडू आलं, आणि अंधार पडत होता म्हणून ते खपून गेलं.

परतताना मी त्यांना कोऱ्या काचेचं सांगितलं. दिसेलच असं वचन देता येत नाही, हेही सांगितलं. काका गडग्याशी आल्यावर म्हणाले, "उरलेला मुलामा कोण काढणार?"

रविवार

काकूंनी साफ नाही म्हटलं. "माझे हात नकोत त्याला. एकदा लावले तेवढे पुरे झाले."

मला ते एकटीला करता आलं असतं. पण निवळ किती कडक आहे, किती वेळ ठेवायची, हे त्यांना माहीत होतं; आणि खरं म्हणजे त्यांनी कायमचा त्या काचेपासून हात आखडून घ्यावा हे मला बघवत नव्हतं. सोमवारनंतर काय व्हायचं ते होवो, हे ओझं घेऊन त्यांनी इस्पितळाच्या बाकावर बसू नये.

"काकू, आता खरंच धुवायचाय. तुम्ही धुवा, मी धरते."

त्या काकांकडे बघत राहिल्या. काका पायरीवर बसून घावन खात होते. "धू गो," ते म्हणाले. "एवढे महिने धुतलास तो काय लोकांचा होता?"

मग आम्ही दोघी मागील दारी बसलो. निवळीत कापसाचा बोळा बुडवून काकू हलक्या हातानं फिरवायच्या, मी पाणी घालायची. चांदी राखाडी झाली, मग धुक्यासारखी, मग नाहीशी. शेवटी माझ्या हातांत राहिली ती एक जाड पारदर्शक चकती. तिच्यातून मला माझ्या पायाची बोटं दिसत होती. ही वस्तू आज संध्याकाळी चंद्र दाखवणार यावर विश्वास ठेवायला विलक्षण धीर लागतो, आणि तो माझ्याजवळ नव्हता. मी दिवसभर दर थोड्या वेळानं खळ्यात जाऊन आभाळ बघून येत होते. दुपारी पश्चिमेला एक ढग आला, तेव्हा मी त्याच्याशी बोललेसुद्धा.

दिवस मावळला तेव्हा अर्धा चंद्र बरोबर खळ्यावर होता. वारा पडला होता. नळीत काच बसवली. वरचा छोटा तिरपा आरसा माझ्या पिशवीत राहिला म्हणून वाचला होता, तो लावला. मी नेम धरला आणि डोळा लावण्याआधी क्षणभर तशीच उभी राहिले. मग लावला.

चंद्र होता. मंद, पण धारदार. विवरांच्या कडा, त्यांच्या सावल्या, उजेड-अंधाराच्या सीमेवरची डोंगरांची टोकं, सगळं. वाक उत्तम होता. त्या माणसानं आंधळा होता होता काय घासलं होतं!

"काका, या."

"आधी तिला," काका म्हणाले.

काकू नको नको म्हणत पुढे आल्या, पदर दातात धरून वाकल्या. "बाय माझे," मग म्हणाल्या, "केवढे डाग हे!"

"आता तो धुवायला घेऊ नको हां," काका म्हणाले, आणि काकू डोळा न काढता हसायला लागल्या. दोन दिवसांत पहिल्यांदा.

काकांना स्टुलावर बसवलं. डोळा कुठे ठेवायचा ते सापडायला वेळ लागला. मी त्यांची हनुवटी धरून सरकवत होते, मधेच नळीला धक्का लागला, परत नेम धरला. मग ते एकदम थांबले.

"आहे," ते म्हणाले.

ते अगदी सावकाश, एक एक वस्तू हातात घेतल्यासारखे सांगायला लागले. इथे खड्डा आहे. खड्ड्यात मधे टेंगूळ आहे. इथे किनारा. मी मनात म्हणत होते, बघा, अजून बघा, भरून घ्या.

आणि मग त्यांचा आवाज बदलला.

"शालन." काकूंचं नाव घेताना मी त्यांना प्रथमच ऐकलं. "कडेनं काळा येतोय. बुजत चाललाय गो... गेला. गेला. काळोख झाला."

काकूंनी त्यांचा खांदा गच्च धरला. डोळ्यावर ताण आला, दाब वाढला, माझ्या या हौसेपायी उरलेला डोळा आज इथे खळ्यातच गेला, एवढं सगळं मनात येऊन गेलं. मग कळलं. पृथ्वी फिरत होती. आमची नळी स्थिर, चंद्र तिच्या दृष्टीतून कडेनं सरकत बाहेर गेला होता. हे दर रात्री होतं, मला इतकं सवयीचं, की आधी सांगायचंच राहिलं.

मी नळी बोटभर ढकलली.

"आला," काका म्हणाले. मग, "म्हणजे तो जात होता. डोळा नाही."

"तो जात होता, काका."

त्यांनी माझा हात नळीवरून बाजूला केला आणि आपला ठेवला. चंद्र परत कडेकडे सरकायला लागला असणार, कारण काका म्हणाले, "कडेनं येतोय परत." काकू घाबरून म्हणाल्या, "ढकल ना गो!" काका म्हणाले, "थांब. जाऊ दे." त्यांनी त्याला पूर्ण जाऊ दिलं. काळोखात डोळा लावून शांत बसले. मग फणसाच्या बैठकीवर नळी सावकाश सरकवत त्याला स्वतः परत आणलं. पहिल्यांदा चाचपडले, दुसऱ्यांदा कमी. चंद्र पोफळींआड जाईपर्यंत त्यांचं तेच चालू होतं.

सोमवारी पहाटे ते मुंबईला गेले, मी पुण्याला आले. ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी आहे, ती उद्या सुटेल. काल फोनवर काका म्हणाले, पट्टीखाली काळोख आहे, पण त्याला मी आता भीत नाही, बाय. मी बरं म्हटलं. मला वाटते भीती. मी फोन हातात घेऊन बसले आहे.